वायरलेस सेन्सरचं जाळं तुटू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या, द्राक्षबागा आणि कारखान्यांच्या शेड, या तीन ठिकाणी वायरलेस सेन्सर बसवायचं आमचं बहुतेक काम चालतं. कोथरूडपासून नारायणगावपर्यंत आणि चाकणपासून दौंडपर्यंत फिरणं होतं, पण फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. ज्याला एका ओळीचं उत्तर पुरतं तिथे एकच ओळ आहे, राग मानू नये.

पहिला आठवडा सगळं छान चाललं, आता निम्मा वेळ डेटाच येत नाही. रेडिओ खराब निघाला का?

बहुतेक वेळा नाही. आमचा तपासायचा क्रम ठरलेला आहे: आधी गेटवेला (सगळ्या सेन्सरचे मेसेज ऐकून इंटरनेटवर पाठवणारी पेटी) वीज आहे का, मग त्याचं इंटरनेट, मग सिमचा रिचार्ज, मग नोडची (सेन्सर आणि रेडिओ असलेल्या डबीची) बॅटरी, मग डबीत पाणी, आणि सगळ्यात शेवटी रेडिओ. लोक नेमकं उलट्या टोकाकडून सुरू करतात, कारण रेडिओ दिसत नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर खापर फोडणं सोपं.

आम्हीही ही चूक केली आहे. एका सोसायटीत डेटा फक्त रात्री यायचा, सकाळ झाली की बंद. दोन आठवडे आम्ही उन्हाला दोष दिला, शेजारच्या ऑफिसच्या वायफायला दिला, अँटेना बदलली, गेटवे दोनदा खाली उतरवला. शेवटी वायरमनने सहज विचारलं, ‘‘साहेब, हा सॉकेट जिन्याच्या दिव्यांच्या लायनीवर आहे, माहितीये ना?’’ जिन्याचे दिवे टायमरवर होते. संध्याकाळी साडेसहाला चालू, सकाळी सहाला बंद. आम्ही गेटवे बसवला होता संध्याकाळी सातला, त्यामुळे बसवताना सगळं व्यवस्थित दिसलं. तेव्हापासून गेटवेसाठी स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र पॉइंट मागतो, आणि चाचणी भर दुपारीही करतो.

रेंज किती मिळेल?

पेटीवर ‘१० किलोमीटर’ छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते पर्वतीवर एक नोड आणि समोर मोकळ्यावर दुसरा ठेवला तरचं आहे. तुमच्या पार्किंगमधल्या पंपाजवळ लोखंडी झाकणाखाली ठेवलेल्या नोडला त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

समोरासमोर दिसतंय म्हणजे झालं, हाही गैरसमज आहे. रेडिओ लहर दोरीसारखी सरळ जात नाही, तिला मध्ये फुगवटा असतो. ८६५ मेगाहर्ट्झला (लांबच्या कामाची फ्रीक्वेन्सी, तिच्याबद्दल पुढे आहे) एक किलोमीटर अंतरावर त्या फुगवट्याची मधली त्रिज्या सुमारे ९ मीटर भरते आणि त्यातली निदान ६० टक्के जागा मोकळी लागते, म्हणजे साडेपाच मीटर. अँटेना जमिनीपासून एक मीटरवर आणि मध्ये ऊस, असं असेल तर डोळ्यांना पलीकडचा खांब दिसला तरी लहरीचा खालचा भाग उसात आणि मातीत जातो. म्हणून पॉवर वाढवण्यापेक्षा उंची वाढवणं स्वस्त पडतं. दोन मीटरचा जास्तीचा जीआय पाइप महागड्या अँटेनापेक्षा जास्त काम करतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे चौथाई होतो. पेठेतल्या वाड्याची दगडी भिंत, आरसीसी स्लॅब, पत्र्याची शेड यांचा हिशोब वेगळाच, तिथे कागदावर आकडेमोड करण्यापेक्षा जागेवर नोड घेऊन चालावं. मोजणीत सिग्नल जिथे जेमतेम पोचतो तिथे नोड लावू नका. किमान १५ ते २० डेसिबल हातात राहू द्या. आज पोचला म्हणजे उद्या पोचेल असं नसतं. मध्ये टेम्पो उभा राहतो, कोणी पत्र्याची शेड घालतं, झाड वाढतं.

द्राक्षबागेत सर्व्हे कधी करावा?

ऑक्टोबर छाटणीनंतर लगेच तर मुळीच करू नका, आणि हा सल्ला आम्हाला फुकट मिळालेला नाही. छाटणीनंतर बाग उघडीबोडकी असते, नुसत्या काड्या. सिग्नल असा मिळतो की वाटतं गेटवे एकच पुरेल. डिसेंबरात मांडव पानांनी भरतो. पान म्हणजे पाण्याची पिशवीच, आणि पाणी रेडिओ लहर खातं, २.४ गिगाहर्ट्झला ८६५ पेक्षा जास्त. मग मागच्या रांगांमधले नोड एकेक करून गळतात, नेमके तेव्हाच जेव्हा डावणी रोगाच्या भीतीने पानांवरच्या ओलाव्याचा आकडा हवा असतो.

सर्व्हे मांडव भरलेला असताना, पहाटे दवात करावा. तेव्हा जो नोड बोलतो तो वर्षभर बोलतो. अँटेना मांडवाच्या तारांच्या वर काढा, कारण त्या तारा जस्त चढवलेल्या लोखंडाच्या आहेत आणि त्यांच्या जाळीखाली लपलेल्या अँटेनाकडून फार अपेक्षा ठेवू नये. उसाचंही तेच: लागणीच्या वेळी मोजलं तर कारखान्याला ऊस जायच्या आधी पस्तावाल.

पावसात सिग्नल जातो ना?

डिश टीव्ही जातो, म्हणून लोकांना वाटतं की सगळंच जात असेल. डिशची फ्रीक्वेन्सी १० गिगाहर्ट्झच्या वर असते, तिथे पावसाचे थेंब खरंच आडवे येतात. ८६५ मेगाहर्ट्झ किंवा २.४ गिगाहर्ट्झला पडत्या पावसाचा परिणाम धरण्यासारखा नसतो. पावसात जाळं तुटतं ते डबीत, केबलमध्ये आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरल्यामुळे.

डबीवर ‘आयपी ६७’ लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून करतात, तीही नव्या डबीवर. खरी गंमत मे महिन्यात होते. गच्चीवर डबी दिवसभर तापते, आतली हवा फुगते आणि फटीफटीतून बाहेर जाते. चार वाजता वळीव येतो, डबी झटक्यात गार होते, आतला दाब पडतो आणि डबी श्वास आत ओढते. त्या क्षणी ग्लँडच्या (केबल डबीत शिरते त्या घट्ट तोंडाच्या) कडेला जे पाणी साचलेलं असतं तेच आत जातं. वरून एक थेंबही न गळता दोन महिन्यांत आत चमचाभर पाणी. आम्ही उघडून पाहिलेल्या अशा डब्यांमध्ये पाण्याची रेघ सर्किट बोर्डाच्या खालच्या कडेला अगदी पट्टीने आखल्यासारखी दिसते, तिच्याखाली तांबं हिरवं आणि वर नवंकोरं.

उपाय साधे आहेत. ग्लँड नेहमी डबीच्या खालच्या बाजूला. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी तिला खाली पोट द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत चढणार नाही. हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी झिल्ली असलेला व्हेंट प्लग लावा, तो महाग नसतो. अँटेनाच्या कनेक्टरवर साधी इन्सुलेशन टेप नको, ती उन्हात सुटते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सर्किटजवळ कधीही वापरू नका. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब मागा.

कुठली फ्रीक्वेन्सी वापरायची? लायसन्स लागतं का?

लांबच्या, कमी डेटाच्या कामाला आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. ट्रान्समीटरची पॉवर १ वॉटपर्यंत, अँटेनासकट ४ वॉटपर्यंत, आणि कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत, अशा अटी आहेत. वापरणाऱ्याला लायसन्स लागत नाही, पण उपकरणाला मंजुरी असावी लागते. विक्रेत्याकडे त्या मंजुरीचं ईटीए प्रमाणपत्र मागा. लोरावॅनचे (लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी डेटाच्या रेडिओवर चालणाऱ्या जाळ्याचे) भारतासाठीचे तीन ठरीव चॅनल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ आहेत. नोड आणि गेटवे दोन्हीकडे हेच भरलंय ना, ते आधी बघा. ‘नोड जॉइनच होत नाही’ अशा तक्रारींत हे वारंवार सापडतं.

ऑनलाइन स्वस्तात मिळतात म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल मागवू नका. ते अमेरिकेसाठीचे आहेत. आपल्याकडे तिथे मोबाइल कंपन्यांचा ९०० चा बँड आहे. तुमचं काम होणार नाही आणि दुसऱ्याचं बिघडेल.

जुन्नर, आंबेगाव भागातल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आकाशातून येणारा अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल ऐकणाऱ्या. ती जागा निवडण्यामागे तिथला रेडिओ गोंगाट कमी असणं हेही एक कारण होतं. तुमचा बागेतला नोड त्यांच्या दृष्टीने लाऊडस्पीकर आहे. त्या परिसरात मोठं जाळं टाकायच्या आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

वायफायमुळे झिग्बी अडखळतं का?

हो. झिग्बी हा जवळच्या, कमी विजेच्या सेन्सरचा रेडिओ, आणि दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर आहेत. वायफाय १, ६ आणि ११ या चॅनलवर असेल तर झिग्बीचे १५, २०, २५ आणि २६ हे चॅनल त्यांच्या फटींमध्ये बसतात. त्यातला एक घ्या. कारखान्यात रोज जेवणाच्या सुट्टीतच पॅकेट हरवत असतील तर कॅन्टीनमधला मायक्रोवेव्ह तपासा, तोही त्याच पट्ट्यात गळतो.

मेश घ्यावं का? विक्रेता म्हणतो ते आपोआप दुरुस्त होतं.

होतं, पण फुकट नाही. मेश म्हणजे नोड एकमेकांचे मेसेज उड्या मारत गेटवेपर्यंत पोचवतात ते जाळं. समजा एका उडीत १०० पैकी ९५ पॅकेट पोचतात. ऐकायला उत्तम. पाच उड्या झाल्या की शेवटी पोचतात ७७. प्रत्येक उडीला तीनदा प्रयत्न करू दिला तर हाच आकडा ९९.९ च्या वर जातो. म्हणजे मेश चालतं ते पुन्हापुन्हा प्रयत्न करण्यावर, आणि प्रत्येक प्रयत्न कुणाच्या तरी बॅटरीतून होतो. गेटवेच्या शेजारचे दोन नोड सगळ्यांचं ओझं वाहतात आणि सगळ्यात आधी मरतात. ते गेले की मागचे वीस ठणठणीत असूनही मुके. त्यामुळे गेटवेभोवतीचे नोड शक्य असेल तर मेन लाइनवर चालवा.

आमचं मत विचाराल तर सोसायटीला आणि शेताला सरळ गेटवेशी बोलणारी लोरासारखी मांडणी पुरते. बेसमेंटचे दोन मजले, शेडमधली यंत्रांची गर्दी, जिथे एका अँटेनातून सगळीकडे दिसणं शक्यच नाही, तिथे मेश. आणि कारखान्यात मेश घ्यायचंच तर वेळेच्या खाचा पाडून, दर वेळी चॅनल बदलत बोलणारं घ्या. टीएससीएच नावाने ही पद्धत २०१२ साली मानकात आली. एका चॅनलवर गोंगाट झाला तर पुढचा प्रयत्न दुसऱ्या चॅनलवर होतो. यंत्रांच्या गर्दीत याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने क्वचितच पडतो.

बॅटरी खरंच दहा वर्षं चालते?

गेटवे कुठे आहे त्यावर आहे. उत्तर विचित्र वाटेल, म्हणून हिशोबच मांडतो.

नोड झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेतो असं धरा. वर्षाचे झाले ४४ मिलीअँपिअर-तास. दर १५ मिनिटांनी एक मेसेज म्हणजे वर्षाला ३५,०४०. पाठवताना ४० मिलीअँपिअर लागतात. गेटवे जवळ असेल तर लोरा एसएफ ७ वर बोलतो (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा जितका मोठा तितका मेसेज सावकाश पण लांब जातो), एक मेसेज साधारण ०.०६ सेकंदात संपतो, वर्षाचा खर्च २३ मिलीअँपिअर-तास. गेटवे लांब असेल तर एसएफ १२ वर जातो, तोच मेसेज सुमारे दीड सेकंद घेतो, आणि वर्षाचा खर्च होतो ५८४. तीच बॅटरी, तोच नोड. २,४०० मिलीअँपिअर-तासाचा सेल पहिल्या ठिकाणी त्याच्या वयोमानाने मरेल, दुसऱ्या ठिकाणी चार वर्षंही काढणार नाही. शिवाय दीड सेकंद हवा अडवून ठेवल्याने शेजारच्यांशी टक्कर व्हायची शक्यता वाढते ती वेगळीच. म्हणून कुणी मोठी बॅटरी मागितली की आम्ही आधी गेटवे उंच करता येतो का ते बघतो.

अशा नोडमध्ये सहसा ३.६ व्होल्टचे लिथियम थायोनिल क्लोराइड सेल असतात. त्यांच्या दोन खोडी ध्यानात ठेवा. एक, बराच काळ कपाटात पडून राहिले की आत लिथियमवर पातळ थर चढतो. मीटरवर ३.६ दिसतं, पण नोडने पाठवायला जोर लावला की व्होल्टेज खाली बसतं आणि प्रोसेसर रीसेट होतो, पुन्हापुन्हा. सेलला समांतर कॅपॅसिटर हवा, आणि बसवण्याआधी थोडा लोड देऊन सेल जागा करावा. दोन, यांचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट असतं आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे डॅशबोर्डवरची बॅटरीची हिरवी पट्टी फारशी मनावर घेऊ नका. किती मेसेज गेले आणि कुठल्या एसएफवर, त्यावरून हिशोब ठेवा.

एकच गेटवे पुरतो, मग दुसरा कशाला?

गुरुवारसाठी. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या नावाने वीज जाते आणि पाणीही बंद असतं, आणि टाकीत किती उरलंय हे नेमकं त्याच दिवशी कळायला हवं.

लोरावॅनमध्ये नोड कुठल्याही एका गेटवेशी बांधलेला नसतो. जो ऐकेल तो पुढे पाठवतो, दोघांनी ऐकलं तर सर्व्हर एक प्रत ठेवतो. म्हणून दुसरा गेटवे लावायला नोडमध्ये काही बदलावं लागत नाही. फक्त दोन्ही एकाच बोर्डावर, एकाच कंपनीच्या सिमवर लावले तर पैसे वाया. वेगळा फेज, वेगळं सिम, शक्यतो वेगळी इमारत. दोघांनाही राउटरसाठी मिळतो तसला छोटा डीसी यूपीएस द्या. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानांत चौकशी केलीत तर चार प्रकार दाखवतील; किती तास टिकतो ते दुकानात न ऐकता घरी लोड लावून बघा.

मधला हरवलेला डेटा परत मिळवता येतो का?

नोडने जपून ठेवला असेल तर. प्रत्येक मेसेजला अनुक्रमांक हवा, म्हणजे काय हरवलं ते तरी कळतं. सोपी युक्ती अशी की प्रत्येक मेसेजमध्ये आताच्या आकड्यासोबत मागचे दोन-तीन आकडेही पाठवायचे. एखाददुसरा मेसेज गळला तरी पुढचा भरून काढतो.

‘प्रत्येक मेसेजची पोच मागा’ हा सल्ला मात्र लोरामध्ये उलटतो. गेटवे बोलत असतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही. शंभर नोड पोच मागायला लागले की गेटवे पोच देण्यात गुंततो, बाकीच्यांचं हरवतं, ते पुन्हा पाठवतात, आणि मंडईतल्या आरडाओरड्यासारखी गत होते. पोच फक्त अलार्मला मागा.

घड्याळाचंही बघा. २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस भाग चुकणारा) साधा क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतो, महिन्याला जवळजवळ मिनिट. साठवलेल्या आकड्यांना वेळ नोड लावत असेल तर ते घड्याळ अधूनमधून जुळवणं भाग आहे.

आमच्या डॅशबोर्डवर टाकी तीन दिवस ७८ टक्के दाखवत होती आणि पाणी संपलं. असं कसं?

नोड तीन दिवसांपूर्वीच बंद पडला होता आणि पडद्यावर शेवटचा आकडा चिकटून राहिला. आमच्या मते या सगळ्या पानातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो नेहमी पाणी संपल्यावरच विचारला जातो.

टाकी रिकामी झाली की अलार्म वाजतो, असं सगळे करतात. सेन्सर गप्प झाला की अलार्म वाजतो, असं फार थोडे करतात. नोडने ‘मी आहे’ एवढं तरी ठरल्या वेळी सांगितलं पाहिजे, आकडा बदलला असो वा नसो. सलग तीन हजेऱ्या चुकल्या की पडद्यावरचा आकडा पुसून टाका, तिथे ‘माहिती नाही’ असं मोठ्या अक्षरात येऊ द्या आणि सेक्रेटरींच्या फोनवर मेसेज जाऊ द्या. जुना आकडा दाखवत राहणं म्हणजे घरात कुणी नसताना दिवा लावून ठेवण्यासारखं आहे, येणारा-जाणारा फसतो.

त्याच्याही आधी इशारा मिळू शकतो. प्रत्येक नोडचा सिग्नल किती आहे, गोंगाटाच्या किती वर आहे आणि शंभरातले किती मेसेज पोचले, हे रोज नोंदवा. एक दिवसाचा आकडा काही सांगत नाही, महिन्याची रेघ सांगते. हळूहळू उतरत असेल तर पानं किंवा कनेक्टरला चढलेला गंज. एका दिवसात धपकन उतरला तर मध्ये काहीतरी उभं राहिलं किंवा अँटेना कुणीतरी हलवली. टाकी धुणारे लोक अँटेनाला धरून वर चढतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

नोडच्या आत वॉचडॉग टायमर चालू आहे ना, हेही विचारून घ्या. प्रोग्राम अडकला तर तो नोडला आपोआप रीसेट करतो. आणि मेन लाइनवरचे नोड असतील तर वीज परत आल्यावर सगळे एकाच क्षणी बोलायला लागतात आणि एकमेकांवर आदळतात. प्रत्येकाने सुरू झाल्यावर काही सेकंद ते काही मिनिटं, ज्याचं त्याचं वेगळं, थांबून मग बोलावं, अशी सोय फर्मवेअरमध्ये असावी.

वीज पडली तर?

थेट पडली तर काहीच वाचत नाही. जवळपास पडली तर सर्ज अरेस्टर आणि नीट अर्थिंग वाचवतं. अँटेना गच्चीवरची सगळ्यात उंच वस्तू होऊ देऊ नका, आणि वळवाच्या आभाळात पाइप हातात घेऊन गच्चीवर जाऊ नका.

मुंग्या, पाली, माकडं?

मुंग्यांना उबदार डबी आवडते, ग्लँडची रिकामी भोकं बुजवा. पालीचंही तेच. सिंहगडाच्या पायथ्याला एका माकडाने आमची अँटेना दोनदा नेली, तिसऱ्यांदा आम्ही तिला करड्या पीव्हीसी पाइपात घातलं. पीव्हीसीतून सिग्नल आरामात जातो.

आमचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट आहे. ५० नोड टाकायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

तीन टाका. २००५ साली नेदरलँड्समध्ये संशोधकांनी बटाट्याच्या शेतात शंभराहून जास्त नोड पेरले होते. हंगामाअखेर हाती आला अपेक्षित डेटाच्या जेमतेम २ टक्के. माणसं जाणकार होती, पण प्रयोगशाळेतल्या टेबलावर जे नीट जमलं होतं ते शेतात एकदम मोठ्या प्रमाणावर गेलं. कॉलेजच्या गच्चीवर तीन नोड महिनाभर न हात लावता चालू ठेवून दाखवा. न हात लावता, हे महत्त्वाचं. मग दहा करा. रिपोर्टमध्ये किती डेटा आला त्याबरोबर किती हरवला आणि का, तेही लिहा. आम्ही परीक्षक असतो तर आधी ते पान उघडलं असतं.

देखभाल किती वेळा?

दोनदा. मृगाच्या आधी एकदा, डब्या, ग्लँड आणि टेप बघायला. दिवाळीनंतर एकदा, पावसाने काय केलं ते बघायला. दहा नोडमागे एक तयार नोड कपाटात ठेवा. प्रत्येक नोडचा बसवलेल्या दिवशीचा फोटो, उंची, अँटेनाची दिशा आणि सिग्नलचा आकडा एका वहीत लिहा. एक्सेलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण ती फाइल ज्याच्या लॅपटॉपवर होती तो मुलगा नोकरी सोडून गेला, हे आम्ही तीन ठिकाणी ऐकलं आहे.

माणूस कधी पाठवाल?

फोन करताना दोन गोष्टी हाताशी ठेवा: गेटवेवरचे कुठले दिवे लागलेत, आणि गच्चीची किल्ली सध्या कोणाकडे आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत आमचा माणूस निघत नाही.